नकार देऊ शकणारे नियतकालिक : संशोधक विद्यार्थी आणि फसवी शोधप्रकाशने

१

शोधनिबंध प्रसिद्ध होतो तेव्हा दोन वेगळी कामे एकाच वेळी पार पडलेली असतात. एक म्हणजे निबंधाचा मजकूर वाचकांसाठी खुला होतो आणि दुसरे म्हणजे तो खुला होण्यापूर्वी त्या विषयातील जाणकारांनी तो वाचून, त्यातील पुरावा व युक्तिवाद तपासून, छापण्याजोगा ठरवलेला असतो. पहिले काम आज संगणक हाताशी असलेल्या कोणालाही तासाभरात करता येते. दुसऱ्या कामाला मात्र संपादक लागतो, वेळ काढून वाचणारे परीक्षक लागतात आणि निबंध कमकुवत असल्यास तो परत पाठवण्याची तयारी लागते. या दुसऱ्या कामाला तज्ज्ञपरीक्षण किंवा विद्यापीठांत रूढ असलेल्या शब्दात पीअर रिव्ह्यू म्हणतात. हे काम केल्याचा दावा करून प्रत्यक्षात केवळ शुल्क घेऊन मजकूर छापणारी जी प्रकाशने गेल्या वीस वर्षांत उभी राहिली, त्यांची ओळख संशोधक विद्यार्थ्याने कशी पटवावी, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले, तेव्हापासून शोधनियतकालिकांची परंपरा सांगितली जाते. पण बाहेरच्या तज्ज्ञांकडून प्रत्येक निबंध तपासून घेण्याची पद्धत मुख्यत्वे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रुळली. या काळात नियतकालिकांचा खर्च प्रामुख्याने वर्गणीतून, म्हणजे ग्रंथालयांच्या पैशातून भागत असे. वर्गणीचे दर भरमसाट वाढल्यामुळे गरीब देशांतील आणि लहान संस्थांतील वाचकांना ज्ञानाची दारे बंद होऊ लागली, तेव्हा संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे अशी मुक्त प्रवेशाची चळवळ सुरू झाली आणि २००२ च्या बुडापेस्ट घोषणेने तिला निश्चित रूप दिले. वाचक पैसे देणार नसेल तर खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाचे एक उत्तर असे निघाले की निबंध स्वीकारला गेल्यावर लेखकाने, त्याच्या संस्थेने किंवा संशोधनाला निधी देणाऱ्याने प्रक्रिया शुल्क भरावे.

ही व्यवस्था मुळात अप्रामाणिक नाही आणि अनेक उत्तम नियतकालिके आजही याच पद्धतीने चालतात. तिच्यामुळे प्रकाशकाचे हित मात्र उलट्या दिशेला वळले. वर्गणीच्या काळात वाईट निबंध छापला तर ग्रंथालय वर्गणी बंद करील, ही भीती प्रकाशकाला होती; शुल्काच्या व्यवस्थेत प्रत्येक स्वीकृती ही मिळकत आणि प्रत्येक नकार हे नुकसान ठरले. ज्यांना विद्वत्तेतील प्रतिष्ठा जपायची होती, त्यांनी हे नुकसान सोसून नकार देणे चालू ठेवले. ज्यांना ती जपायची नव्हती, त्यांनी नकार देणेच बंद केले. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर येथील शाखेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास अशा प्रकाशकांना 'प्रिडेटरी', म्हणजे लेखकाची शिकार करणारे, हे नाव दिले आणि त्यांची यादी ठेवायला सुरुवात केली. ओटावा येथे दहा देशांतील त्रेचाळीस तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेली व्याख्या 'नेचर'मध्ये २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली; विद्वत्तेचा बळी देऊन स्वार्थाला प्राधान्य देणे हे तिचे मध्यवर्ती सूत्र आणि खोटी वा दिशाभूल करणारी माहिती, संपादनाच्या मान्य रीतींपासून फारकत, पारदर्शकतेचा अभाव व सरसकट, आक्रमक निमंत्रणे ही तिने सांगितलेली लक्षणे आहेत.

२

न वाचता छापणे म्हणजे नेमके काय, हे जॉन बोहॅनन यांनी 'सायन्स' या साप्ताहिकासाठी केलेल्या आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून स्पष्ट होते. दगडफुलातून काढलेले एक रसायन कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते, असा दावा करणारा बनावट निबंध त्यांनी रचला. लेखकाचे नाव, संस्था आणि रसायन थोडेथोडे बदलून तो मुक्त प्रवेशाच्या ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. निबंधातील दोष मुद्दामच ढोबळ ठेवलेले होते. रसायनाची मात्रा वाढेल तसा परिणाम वाढतो असे मजकूर सांगत होता, पण शेजारच्या आलेखात तसे काहीच दिसत नव्हते. ज्या पेशींवर रसायन टाकले त्यांना ते भरपूर अल्कोहोल असलेल्या द्रावणातून दिले होते, तर तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींना ते द्रावण दिलेच नव्हते, त्यामुळे परिणाम रसायनाचा की अल्कोहोलचा हे कळण्याचा मार्गच उरत नव्हता. आणि किरणोत्साराच्या प्रयोगात तर तुलनेच्या पेशींवर किरण पडलेच नव्हते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यालाही दिसावेत असे हे दोष असताना १५७ नियतकालिकांनी निबंध स्वीकारला, ९८ नियतकालिकांनी नाकारला आणि केवळ ३६ ठिकाणांहून आलेल्या अभिप्रायांत शास्त्रीय चुकांचा उल्लेख होता. त्यांपैकीही १६ ठिकाणी परीक्षकांचे प्रतिकूल मत बाजूला सारून संपादकांनी स्वीकृती कळवली. लक्ष्य केलेल्या नियतकालिकांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातून चालणारी होती. वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकांकडे हाच निबंध न पाठवल्यामुळे दोष एकट्या मुक्त प्रवेशाचा आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही, हा आक्षेपही तेव्हाच घेतला गेला आणि तो रास्त आहे.

संपादक मंडळांची कथाही निराळी नाही. पोलंडमधील संशोधकांनी ॲना ओ. शुस्ट या नावाची एक काल्पनिक विदुषी तयार केली. तिच्या नावे एकही प्रसिद्ध निबंध नव्हता आणि तिने उल्लेखिलेल्या पुस्तकांची प्रकरणे अस्तित्वात नव्हती. संपादक होण्यासाठी तिचा अर्ज ३६० नियतकालिकांकडे गेला. ४८ नियतकालिकांनी तिला संपादक केले आणि त्यांतील ४० बील यांच्या यादीतील होती. उरलेली ८ मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकांच्या 'डीओएजे' या मान्यवर सूचीतील होती, तर नियतकालिकाची सरासरी संदर्भसंख्या दाखवणाऱ्या प्रभावांकाच्या अधिकृत अहवालात समाविष्ट असलेल्या १२० नियतकालिकांपैकी एकानेही तिला स्वीकारले नाही. हा वृत्तान्त 'नेचर'ने मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध केला.

कायद्याच्या दृष्टीने सर्वांत गाजलेले प्रकरण हैदराबादमधून चालणाऱ्या ओमिक्स या प्रकाशनसमूहाचे आहे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ऑगस्ट २०१६ मध्ये या समूहाविरुद्ध दावा दाखल केला आणि मार्च २०१९ मध्ये नेवाडातील संघीय न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा दिला. परीक्षण आणि प्रभावांक यांविषयी दिशाभूल करणारे दावे करणे, शुल्काची रक्कम निबंध पाठवण्यापूर्वी नीट न सांगणे, निबंध मागे घेण्याची विनंती न जुमानणे आणि परिषदांच्या जाहिरातीत संमती नसलेल्या विद्वानांची नावे छापणे, हे आयोगाचे प्रमुख आरोप होते. संशोधक विद्यार्थ्याने हे आरोप नीट लक्षात ठेवावेत, कारण लहानसहान फसव्या प्रकाशकांचा व्यवहारही बहुतांशी याच चार गोष्टींभोवती फिरतो.

३

भारतात या धंद्याला सुपीक जमीन मिळाली ती नियमांमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी परीक्षित नियतकालिकात किमान एक निबंध प्रसिद्ध करणे पीएचडीच्या विद्यार्थ्यावर बंधनकारक केले आणि २०१० पासून प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी प्रकाशनांना गुण देणारी एपीआय पद्धत आली. हजारो विद्यार्थी आणि शिक्षक यांना ठरावीक मुदतीत 'पेपर' हवा झाला, पण तेवढे निबंध वाचून तपासणारी प्रामाणिक नियतकालिके देशात नव्हती, आणि भारतीय भाषांत तर ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. मागणी आणि क्षमता यांमधली ही दरी फसव्या प्रकाशकांनी भरून काढली. फिनलंडमधील दोन अभ्यासकांनी २०१५ मध्ये केलेल्या अंदाजानुसार अशा प्रकाशनांत २०१० साली सुमारे ५३ हजार निबंध छापले गेले, तर २०१४ साली सुमारे ४ लाख २० हजार; प्रकाशकांत आणि लेखकांत भारताचा वाटा मोठा होता.

यावर आयोगाने शोधलेला उपाय म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी. जानेवारी २०१७ मध्ये ती जाहीर झाली. विद्यापीठांनी सुचवलेली नावे तिच्यात पुरेशा छाननीशिवाय आल्यामुळे मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले की विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या आणि अन्य सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात. पुढे याच विद्यापीठात स्थापन झालेल्या केंद्राच्या मदतीने २०१९ मध्ये यूजीसी-केअर ही नवी यादी आली. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली, तरी अनेक विद्यापीठांनी आपल्या पातळीवर ती चालू ठेवली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादी बंद करून नियतकालिक निवडण्यासाठी मार्गदर्शक निकष देऊन निर्णय संस्थांवर सोपवला. तिकडे बील यांची यादीही जानेवारी २०१७ मध्ये संकेतस्थळावरून काढली गेली होती.

सूचीत नाव असणे म्हणजे खात्री, हा समजही टिकत नाही. वायली या प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेच्या हिंदावी शाखेतील अनेक नियतकालिके जगन्मान्य सूचींत होती, तरी विशेषांकांच्या वाटेने घुसलेल्या बनावट निबंधांमुळे २०२३ या एका वर्षात तिला ८ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. यादी करणारा प्रत्येक अंक वाचू शकत नाही. ती करून होईपर्यंत नियतकालिके हातोहात विकली जातात, नावे बदलतात, नवी उगवतात. याद्या निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. त्या चौकशीची सुरुवात करून देतात. चौकशी मात्र लेखकालाच पुरी करावी लागते, आणि त्या चौकशीत विचारायचा मूळ प्रश्न एकच असतो: या नियतकालिकात निबंध वाचून नकार देऊ शकणारी कोणी व्यक्ती आहे का?

४

फसव्या प्रकाशनांचे निमंत्रण बहुधा आपणहून येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला 'मान्यवर शास्त्रज्ञ' असे संबोधून अभियांत्रिकीपासून आयुर्वेदापर्यंत सर्व विषय स्वीकारणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय' मासिकाचा ईमेल येतो, किंवा विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर एक रंगीत पत्रक फिरते: चोवीस तासांत स्वीकृती, महिनाअखेर प्रकाशन, प्रत्येक सहलेखकाला स्वतंत्र प्रमाणपत्र, छापील प्रतीचे वेगळे पैसे, आणि तळाशी भ्रमणध्वनीवरून रक्कम भरण्याचा क्यूआर कोड. या पत्रकातील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे स्वीकृतीची तारीख, कारण जो निबंध अजून कोणी वाचलेलाच नाही त्याच्या स्वीकृतीची तारीख आधीच ठरलेली असेल, तर नकाराची शक्यता त्या व्यवहारात मुळातच नाही. प्रामाणिक परीक्षणाला आठवडे आणि बहुतेक वेळा महिने लागतात; परीक्षक मिळणे, त्यांनी वाचणे, लेखकाने दुरुस्त्या करणे आणि संपादकाने त्या पुन्हा तपासणे हे एका दिवसात होणारे काम नव्हे.

पत्रकावर ठळक छापलेला आयएसएसएन क्रमांक महाराष्ट्रातील कित्येक महाविद्यालयांत दर्जाची मोहोर समजला जातो. वास्तविक तो नियतकालिकांची परस्परांत गल्लत होऊ नये म्हणून दिलेला आठ अंकांचा ओळखक्रमांक आहे आणि तो देणारे केंद्र मजकुराचा दर्जा तपासत नाही. त्याचा शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून निघतो. 'नेचर'चा क्रमांक ००२८-०८३६ आहे. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३ आणि २ यांनी गुणून बेरीज केली की ८२ येते, तिला ११ ने भागून बाकी उरते ५, आणि ११ मधून ५ वजा केले की शेवटचा अंक ६ मिळतो. हा हिशेब जुळला नाही तर क्रमांक चुकीचा आहे हे नक्की. पण जुळला तरी क्रमांकाची रचना बरोबर आहे, एवढेच कळते. आयएसएसएनच्या अधिकृत संकेतस्थळावर तो शोधून त्यापुढे तेच नाव, तोच देश आणि तोच प्रकाशक आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. निबंधाला कायमची ओळख देणाऱ्या डीओआय क्रमांकाचेही तसेच आहे: तो उघडून मूळ निबंधापर्यंत पोहोचतो का, एवढेच त्यावरून तपासता येते.

प्रभावांक, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, ही युजीन गारफील्ड यांच्या कल्पनेतून आलेली संख्या आहे. एखाद्या नियतकालिकात मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा चालू वर्षात किती वेळा संदर्भ दिला गेला, ही संख्या त्या दोन वर्षांतील निबंधांच्या संख्येने भागून तो काढतात आणि क्लॅरिव्हेट ही कंपनी तो दर वर्षी आपल्या अहवालात प्रसिद्ध करते. फसवी नियतकालिके या नावाशी साधर्म्य असलेले 'जागतिक', 'वैज्ञानिक' किंवा 'आंतरराष्ट्रीय' प्रभावांक मुखपृष्ठावर छापतात; ते पैसे घेऊन आकडे वाटणाऱ्या संस्थांनी दिलेले असतात. ज्या नियतकालिकाचे पहिले वर्षही पुरे झालेले नाही त्याच्या मुखपृष्ठावर प्रभावांक असेल, तर वरील व्याख्येवरूनच तो अशक्य ठरतो.

याहून सखोल परीक्षा म्हणजे अंक उघडून वाचणे, आणि आश्चर्य म्हणजे विद्यार्थी सहसा हेच करत नाहीत. ताज्या अंकातील आपल्या विषयाचे दोन निबंध पूर्ण वाचावेत आणि विचारावे की आपल्या मार्गदर्शकाने हे वर्गातील स्वाध्याय म्हणून तरी स्वीकारले असते का. निबंधाच्या पहिल्या पानावर तो मिळाल्याची, सुधारल्याची आणि स्वीकारल्याची तारीख दिली असेल तर दहा निबंधांच्या तारखा ओळीने लिहून काढाव्यात. विषय आणि लांबी वेगवेगळी असूनही प्रत्येक निबंध तीन-चार दिवसांत स्वीकारलेला दिसला, तर परीक्षणाचा दावा तिथेच कोसळतो. संदर्भसूचीतील चार नोंदी शोधून पाहाव्यात. संपादक मंडळातील तीन नावे निवडून त्या व्यक्तींच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का ते पाहावे आणि शंका राहिल्यास त्यांना थेट विचारावे. एका अंकात दोनशे निबंध आणि मंडळात मराठी जाणणारा एकही संपादक नसताना त्यात मराठी निबंध छापलेले असतील, तर ते कोणी तपासले, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

अलीकडे आणखी एक फसवणूक वाढली आहे. तिच्यात मान्यवर नियतकालिकाचे नाव, आयएसएसएन आणि इतिहास जसाच्या तसा उचलून दुसरे संकेतस्थळ उभारले जाते. मुख्यतः छापील स्वरूपात निघणारी, स्वतःचे संकेतस्थळ नसलेली जुनी नियतकालिके याला अधिक बळी पडतात. अशा वेळी शोधयंत्रात सापडलेल्या पहिल्या दुव्यावर न जाता ग्रंथालयातील छापील अंक काढून त्यावरील पत्त्यावर विचारणा करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

निबंध पाठवून झाल्यावर फसवणूक लक्षात आली, तर पैसे भरू नयेत, निबंध मागे घेत असल्याचे लेखी कळवावे, ते पत्र जपून ठेवावे आणि मार्गदर्शकाला त्वरित सांगावे. निबंध छापला गेला असेल तर तोच मजकूर नवा म्हणून दुसरीकडे पाठवणे द्विरुक्त प्रकाशन ठरते, म्हणजे एका फसवणुकीच्या बळीला दुसऱ्या गैरवर्तनाचा दोषी व्हावे लागते. नव्या संपादकाला सर्व हकीकत आधीच कळवणे हा त्यातला एकमेव सरळ मार्ग आहे. शुल्काची रक्कम बहुधा मोठी नसते. खरे नुकसान हे की तीन-चार वर्षे खपून जमवलेली सामग्री अशा जागी अडकून पडते, जिथून ती कोणी वाचत नाही आणि जिचा उल्लेख पुढे मुलाखतीत अडचणीचा ठरतो.

५

या सावधगिरीची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. साधे संकेतस्थळ, उशिरा निघणारा अंक, थोडे वर्गणीदार किंवा आंतरराष्ट्रीय सूचींत नसणे ही फसवणुकीची लक्षणे नव्हेत. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे 'नवभारत', पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक किंवा महाराष्ट्र साहित्य परिषदेची 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका' यांची प्रतिष्ठा कोणत्याही प्रभावांकावर उभी राहिलेली नाही. मराठीतील विचारविश्वाने ती वाचून, वाद घालून आणि संदर्भ देऊन उभी केली. चकचकीत संकेतस्थळ, परदेशी पत्ता आणि दहा सूचींची बोधचिन्हे असलेले नियतकालिक पोकळ असू शकते, आणि चार माणसांच्या खांद्यावर चालणारे त्रैमासिक निबंधावर तीन पानी टिपण लिहून पाठवू शकते. मराठीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक कळला नाही, तर फसव्या प्रकाशनांच्या भीतीपोटी तो आपल्याच भाषेतील खऱ्या नियतकालिकांकडे पाठ फिरवील.

विद्यार्थ्याने चौकशी करावी हे योग्यच, पण दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. महाविद्यालयाच्या एकदिवसीय चर्चासत्रातील सर्व निबंध एखाद्या बाजारू मासिकाचा 'विशेषांक' म्हणून छापून आणण्याची प्रथा विद्यार्थ्यांनी पाडलेली नाही. निबंध न वाचता त्याची संख्या मोजणाऱ्या समित्यांनी ती पोसली. आता यादीचा आधारही गेल्यामुळे संस्थांना दोनच मार्ग उरतात. एक, स्वतःची नवी यादी करून जुन्याच चुका लहान प्रमाणावर पुन्हा करणे. आणि दुसरा, निबंध वाचणे. दुसऱ्या मार्गासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. संशोधक विद्यार्थ्याला दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीसमोर आपल्या कामाचा अहवाल मांडावाच लागतो. त्या वेळी स्वीकृतीच्या प्रमाणपत्राऐवजी त्याने नियतकालिकाकडून आलेले परीक्षकांचे अभिप्राय आणि त्यांवर केलेल्या दुरुस्त्या सादर कराव्यात, आणि चांगल्या नियतकालिकाने कारणे देऊन परत पाठवलेल्या निबंधालाही प्रगतीत धरावे. असे झाले तर ज्या प्रकाशनांकडे दाखवण्यासारखा अभिप्रायच नाही त्यांची मागणी आपोआप घटेल, आणि सकारण नकार पचवून निबंध सुधारणारा विद्यार्थी दोन दिवसांत 'पेपर' आणणाऱ्याच्या मागे राहणार नाही.